लॅक्स्टन नावाच्या इंग्लिश खेड्यातलं घराणं शोधायचंय, सुरुवात कुठून करू?

ट्रेंटकाठची

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण आता गरज पडलीय.

लेकीला शाळेत 'आमचं घराणं' असा प्रकल्प दिलाय. माझ्या बाजूचं काम एका फोनात झालं. बाबांनी त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या वहीतली नामावळी कधीतरी उतरवून आणली होती, तिचा फोटो आला. (त्यात बायकांची नावं जवळजवळ नाहीतच. त्यावर वेगळा धागा काढेन.) नवरा इंग्रज. त्याच्या घरी वही नाही, उपाध्याय नाहीत. सासऱ्यांना आजीच्या पलीकडचं काही ठाऊक नाही. "शेतावर राबणारी माणसं होती" एवढंच म्हणतात आणि चहा ओततात.

हाती आहे ते असं: नवऱ्याची खापरपणजी १८८१ च्या जनगणनेत सापडली. वय ५३, जन्मगाव लॅक्स्टन. आडनाव इथे लिहीत नाही, पण ते तिकडचं पाटील-जाधव समजा, गल्लोगल्ली सापडेल. पैसे भरून एका वंशावळीच्या संकेतस्थळावर शोधलं तर तिचं अख्खं झाड तयार मिळालं, थेट सोळाशे-काहीपर्यंत. आनंद झाला. मग बघितलं तर त्यात एक बाई आईच्याही आधी जन्मलेली आहे.

आम्ही नॉटिंगहॅमला राहतो, लॅक्स्टन गाडीने तासाच्या आत. पण जाऊन करायचं काय? दगडावरची नावं वाचायची? मदत करा.

---

जुनीवही

आधी ते झाड पुसून टाका. तयार झाडं म्हणजे लग्नाच्या पंगतीतलं उरलेलं. कोणी वाढलं, कधीचं, काही पत्ता नाही.

आता मुद्द्याचं. तुमची खापरपणजी *कुठल्या* लॅक्स्टनची? इंग्लंडात लॅक्स्टन एक नाही. एक नॉटिंगहॅमशरमध्ये, एक नॉर्थॅम्प्टनशरमध्ये आणि एक यॉर्कशरात हाउडनच्या बाजूला. जनगणनेच्या कागदावर परगण्याचं (कौंटीचं) नाव तोडून लिहितात. नॉटिंगहॅमशरचं 'नॉट्स', नॉर्थॅम्प्टनशरचं 'नॉर्थंट्स'. घाईघाईत लिहिलेलं 'नॉट्स' संगणकासाठी उतरवून घेणाऱ्याने 'नॉर्थंट्स' केलं की संपलं, बाई सत्तरेक किलोमीटर दक्षिणेला जाऊन जन्मते. उतरवलेल्या मजकुरावर विसंबू नका, मूळ पानाचा फोटो उघडा.

---

ट्रेंटकाठची

जुनीवही, तुमच्या तोंडात साखर पडो! फोटोत स्वच्छ 'नॉट्स' आहे, उताऱ्यात नॉर्थॅम्प्टनशर. झाडवाल्याने तोच उतारा घेऊन तिकडच्या लॅक्स्टनमधल्या कुणा भलत्याच मुलीशी हिला जोडलंय. म्हणजे आतापर्यंत लेकीने तक्त्यावर रंगीत पेनने लिहिलेले सगळे पूर्वज दुसऱ्याचे. तिला अजून सांगितलेलं नाही.

---

अभिलेख_काका

जमेल तसं लिहितो. काही वर्षं इंग्लंडातल्या एका परगण्याच्या रेकॉर्ड ऑफिसात स्वयंसेवक होतो, त्यामुळे आगाऊपणा सहन करा.

ट्रेंटकाठचीताई, एक गोष्ट आधी डोक्यातून काढा, की हे कागद तुमच्या पूर्वजांची आठवण राहावी म्हणून कुणी लिहिले. नाही. कागद निर्माण झाले ते कर घ्यायला, जमीन मोजायला आणि गरिबाला भाकरी कुणी द्यायची यावर भांडायला. एकटा अपवाद म्हटला तर चर्चची नोंदवही, आणि तीही सरकारी हुकमाने सुरू झाली. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने फर्मान काढलं की प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाने, बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लिहून ठेवावीत आणि वही कुलपाच्या पेटीत ठेवावी. लोकांना वाटलं नवीन पट्टी बसणार. १५९८ पासून दरवर्षी एक नक्कल बिशपकडे पाठवायची असंही ठरलं. मूळ वही उंदरांनी खाल्ली तर ती नक्कल देवासारखी धावून येते.

तुमच्या खापरपणजीचा जन्म साधारण १८२८ चा, म्हणजे सरकारी जन्मनोंदणीच्या आधीचा. ती १ जुलै १८३७ ला सुरू झाली. तेव्हा जन्मदाखला मिळणार नाही, बाप्तिस्म्याची नोंदच बघावी लागेल. त्यात तुमचं नशीब चांगलं. १ जानेवारी १८१३ पासून छापील रकान्यांच्या वह्या आल्या, त्यामुळे आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण आणि बापाचा धंदा हे सगळं मिळतं. त्याआधीच्या नोंदी पाद्र्याच्या मर्जीवर. एखादा 'जॉनचा मुलगा जॉन' एवढंच लिहून मोकळा.

शंभर वर्षांहून जुन्या वह्या आता बहुतेक पॅरिशनी परगण्याच्या रेकॉर्ड ऑफिसात जमा केल्यात, १९७८ च्या कायद्यामुळे. तुमच्या बाबतीत नॉटिंगहॅमशर आर्काइव्ह्ज, म्हणजे तुमच्या घरापासून बसने. चर्चमध्ये जाऊन वही मागू नका. तिथे फुलांची व्यवस्था बघणाऱ्या आजी भेटतील, त्या गोड असतात, पण वही त्यांच्याकडे नसते.

---

रोखठोक

डीएनए चाचणी करा, थुंकी पाठवा, काही आठवड्यांत निकाल. हे काय वह्या-बिह्या.

---

जुनीवही

@रोखठोक, डीएनएने चुलत-मावस भावंडं सापडतील, पण १८२८ मध्ये लॅक्स्टनमध्ये कोण नांगर धरत होतं ते थुंकीत लिहिलेलं नसतं.

---

मोडीवाचक

वाचनखूण साठवली. मी इतकी वर्षं मोडी कागद वाचतोय, इंग्रजी जुनं हस्ताक्षर आता कुठे शिकायला घेतलं. अनुभव तोच. अक्षर नाही, लेखक वाचायचा असतो. एका पाद्र्याच्या पाचपन्नास नोंदी ओळीने वाचल्या की त्याचा 'आर' आणि त्याचा 'एस' ओळखीचा होतो. एकच नोंद कापून आणली की हमखास फसगत.

मागे १७५२ च्या पलीकडे गेलात तर एक खड्डा आहे. तोवर इंग्लंडात कायद्याने वर्ष २५ मार्चला बदलायचं. म्हणजे वहीतला 'फेब्रुवारी १७२०' हा आपल्या हिशोबाने फेब्रुवारी १७२१. डिसेंबरात लग्न आणि त्याच सालच्या फेब्रुवारीत मूल असं दिसलं तर लगेच कपाळावर आठ्या नकोत. १७५२ मध्ये पंचांग बदललं तेव्हा २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला.

तुमच्या झाडातली आईआधी जन्मलेली बाई मात्र पंचांगाने सुटणार नाही.

---

ट्रेंटकाठची

😀 नाही सुटणार.

काका, मोडीवाचक, मनापासून आभार. शनिवारी आर्काइव्ह्जमध्ये गेले होते. ओळखपत्र दाखवलं, नाव नोंदवलं, पेन काढून घेतलं, पेन्सिल दिली. बाप्तिस्मा सापडला! १८२८. बापाच्या धंद्याच्या रकान्यात 'लेबरर', मजूर. राहणार लॅक्स्टन.

मग आईबापाचं लग्न शोधलं, तेही तिथलंच. आणि इथे मजा. नवऱ्या मुलाच्या नावापुढे काहीतरी तोडून लिहिलंय, 'एस-ओ' आणि पुढे वर चढवलेलं बारीक 'आर'. सोल्जर! म्हणजे शिपाई होता! सासरे पहिल्यांदाच खुर्चीतून उठले. सैन्यात असलेला मजूर म्हणजे वॉटर्लू तरी, नाहीतर हिंदुस्थान तरी. नवरा म्हणतोय, तुझ्या गावाकडे येऊन गेला असेल.

मुंबई इलाख्यात होता का हे कुठे बघायचं?

---

खडकीकर

इथे मला बोलायला मिळालं. कंपनीच्या मुंबई सैन्यातल्या आणि इलाख्यातल्या गोऱ्या माणसांच्या नोंदी लंडनला ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या चर्चकडून गेलेल्या नकला इलाख्यागणिक लावल्यात. मुंबईसाठी एन/३ ही मालिका, बंगालसाठी एन/१, मद्राससाठी एन/२. शिवाय कंपनीच्या शिपायांच्या भरतीच्या आणि हजेरीच्या याद्या वेगळ्या. फिबिस नावाची संस्था आहे, ब्रिटिश हिंदुस्थानातली कुटुंबं शोधणाऱ्यांची, तिची सूची फुकट चाळता येते. तिथून सुरू करा.

पण राजाच्या पलटणी वेगळ्या आणि कंपनीच्या वेगळ्या. राजाच्या पलटणीतला असेल तर कागद लंडनमध्येच क्यूला, नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये. पलटणीचं नाव माहीत आहे का?

---

ट्रेंटकाठची

नाही हो. नुसतं 'शिपाई'.

---

खडकीकर

मग त्या आडनावाची माणसं शेकड्याने निघतील. तरी बघतो.

---

अभिलेख_काका

तो शोध चालू द्या, पण मला एक खटकतंय. लग्नात शिपाई आणि थोड्याच वर्षांत मजूर? अशक्य नाही. पण तेवढ्यावर लंडनला जाऊ नका.

दरम्यान लॅक्स्टनबद्दल बोलूया, कारण ताई, तुम्हाला कल्पना नाही तुम्ही कुठल्या गावात जाऊन पडलाय. इंग्लंडातली बाकीची गावं घराणं शोधताना सारखीच वाटतात: चर्च, दारूचा गुत्ता, चार शेतकरी, बाकी मजूर. लॅक्स्टन वेगळं. मध्ययुगात जशी शेती होती तशी, म्हणजे कुंपणाविना तीन मोठी शिवारं आणि त्यात प्रत्येकाचे विखुरलेले पट्टे, ही पद्धत तिथे आजही चालू आहे. मिल फील्ड, साउथ फील्ड आणि वेस्ट फील्ड. एका शिवारात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पडीक किंवा चाऱ्याला, आणि दरवर्षी फिरतं. बाकी इंग्लंडात ही शिवारं पार्लमेंटच्या कायद्यांनी कुंपणं घालून वाटली गेली, विशेषतः १७५० नंतरच्या शंभर वर्षांत. लॅक्स्टनला ते पूर्ण झालं नाही.

आणि हे सांभाळायला गावची कचेरी आहे, कोर्ट लीट. दर नोव्हेंबरअखेरीस ज्यूरीची माणसं गव्हाच्या शिवारात फिरतात आणि कुणी नांगर शेजाऱ्याच्या किंवा सामाईक गवताच्या बाजूला सरकवलाय का ते बघतात. सरकवला असेल तर दंड. पुढच्या आठवड्यात गुत्त्यात कोर्ट भरतं.

---

भटकभवानी

बांध कोरणाऱ्याला दंड! आमच्या गावात हे लागू केलं तर अर्धी भावकी दिवाळखोर होईल.

---

कोल्हापुरी_पायताण

आणि कोर्ट गुत्त्यात. म्हणजे निकाल लागेपर्यंत पक्षकार गळ्यात गळे.

---

अभिलेख_काका

हसा हसा. डवकोट इन नाव त्या गुत्त्याचं. शेजारीच कोंडवाडा आहे, दगडविटांचा नीट बांधलेला. सुटी जनावरं पकडून आणणाऱ्या माणसाला तिकडे 'पिंडर' म्हणत.

घराण्याच्या शोधासाठी याचा उपयोग असा, की जिथे जमिनीवरून सतत तंटे असतात तिथे सतत नावं लिहिली जातात. कोर्टाचे कागद, भाडेपट्टे, ज्यूरीच्या याद्या. लॅक्स्टनचं जमीनदारी दप्तर पिअरपॉन्ट घराण्याकडून, म्हणजे मॅनव्हर्सच्या अर्लकडून, नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या हस्तलिखित विभागात आलंय. 'मॅनव्हर्स संग्रह' विचारा. १९५२ मध्ये गाव सरकारने विकत घेतलं, १९८१ मध्ये क्राउन इस्टेटकडे गेलं आणि २०२० मध्ये पुन्हा थोर्सबीकडे, म्हणजे जुन्या मालकाच्याच इस्टेटीकडे आलं.

पण खरा हिरा वेगळाच. १६३५ मध्ये मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने गावाचा नकाशा काढला. पट्टान्‌पट्टा, घरन्‌घर. कडेला नांगरणारी, कापणी करणारी, हरणांमागे धावणारी इवली माणसं चितारलेली. सोबत मोजणीचं पुस्तक, कुठला पट्टा कुणाकडे ते सांगणारं. नकाशा आता ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे.

---

राजापूरचा_गंगाधर

काका थांबा. १६३५? मालक कोण होता तेव्हा?

---

अभिलेख_काका

सर विल्यम कोर्टीन. लंडनचा बडा व्यापारी, मूळ फ्लँडर्सकडचं घराणं.

---

राजापूरचा_गंगाधर

वाटलंच होतं! हा तर *आमचा* कोर्टीन.

अवांतर आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी असताना राजा पहिल्या चार्ल्सने १६३५ च्या डिसेंबरात याच कोर्टीनच्या मंडळीला पूर्वेकडे व्यापार करायचा परवाना देऊन कंपनीच्या उरावर बसवलं. त्यांची गलबतं कॅप्टन वेडेलच्या हाताखाली १६३६ च्या एप्रिलात निघाली आणि ऑक्टोबरात गोव्याला लागली. कोर्टीन त्याआधीच, त्याच वर्षी वारला. पुढे त्याच्या मंडळीच्या माणसांनी भटकळ, कारवार आणि आमच्या राजापूरच्या बाजूला मिरी आणि कापडाचा व्यापार मांडला. कंपनीवाले चरफडत होते.

म्हणजे ज्या वर्षी हा माणूस नॉटिंगहॅमशरातल्या शेतांचे पट्टे मोजून घेत होता, त्याच वर्षी कोकण-कारवारच्या मिरीवर डोळा ठेवून होता. ताई, जावईबापूंना सांगा, तुमच्या गावचा मालक आमच्या खाडीत आला होता, माणसं पाठवून का होईना.

---

ट्रेंटकाठची

अंगावर काटा आला. जावईबापूंना सांगितलं. ते म्हणाले, "मग मिरी तरी स्वस्त द्या."

---

शून्यमनस्क

चांगला धागा, पण इंग्रजांची वंशावळ शोधण्यात आपण का वेळ घालवतोय हे कळलं नाही. आपल्याकडचे कागद वाळवी खातेय.

---

मोडीवाचक

वाळवीशी मी रोज भांडतो, म्हणून सांगतो: यांनी वह्या कशा जपल्या, नकला कशा ठेवल्या, शंभर वर्षांहून जुन्या वह्या एका जागी कशा आणल्या, हे बघितलं तर आपल्यालाच उपयोग. आणि त्या लेकीचे अर्धे पूर्वज तिकडचे आहेत. तिने काय अर्धंच घराणं मांडायचं?

---

लीड्सची_वहिनी

मी दुसऱ्या एका खेड्याचं काम केलंय (यॉर्कशर, नाव नको), त्यावरून थोडी भर.

फुकट ते आधी. फ्रीरेग आणि फ्रीसेन ही स्वयंसेवकांनी चालवलेली संकेतस्थळं, चर्चच्या नोंदी आणि जनगणना. फ्रीबीएमडीवर १८३७ नंतरच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या सूच्या. फॅमिलीसर्चवर खातं फुकट आहे, काही पानं मात्र ठराविक ग्रंथालयातूनच उघडतात. जेनुकी म्हणून एक जुनाट दिसणारं संकेतस्थळ आहे, प्रत्येक पॅरिशचं पान आहे त्यात. दिसण्यावर जाऊ नका. नकाशांसाठी स्कॉटलंडचं राष्ट्रीय ग्रंथालय, इंग्लंडचे जुने सहा इंची नकाशेही तिथेच बघायला मिळतात, आणि आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून सरकवता येतात. त्या नादात माझी रात्र गेलीय.

सशुल्क संकेतस्थळं घरून घेण्याआधी गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात चौकशी करा, तिथल्या संगणकांवर बहुधा फुकट चालतात.

जनगणनेबद्दल: नावानिशी १८४१ पासून. पण १८४१ मध्ये पंधराच्या वरच्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढायची सूचना होती, ३४ चा माणूस ३० होतो. आणि जन्मगाव नाही, फक्त याच परगण्यात जन्मला का, हो-नाही. खरं जन्मगाव १८५१ पासून. १९३१ ची आगीत जळाली, १९४१ ची झालीच नाही.

'दशमांश नकाशा' विसरू नका. १८३६ च्या कायद्याने चर्चला धान्यात द्यायचा दशमांश पैशात बदलला, त्यासाठी गावोगाव मोजणी झाली. नकाशावर प्रत्येक तुकड्याला क्रमांक आणि सोबतच्या तक्त्यात मालक, वहिवाटदार, शेताचं नाव, काय पिकतं, क्षेत्र किती.

---

भटकभवानी

वहिनी, हा तर सातबारा!

---

लीड्सची_वहिनी

अगदी. फक्त तलाठ्याच्या मागे फिरावं लागत नाही. मात्र प्रत्येक गावाचा असतोच असं नाही. जिथे दशमांशाचा हिशोब आधीच मिटला होता तिथे नकाशाची गरज पडली नाही. लॅक्स्टनचं काय ते आर्काइव्ह्जमध्ये विचारा.

आणि मजूर घराणं असेल तर व्यापारी-शेतकऱ्यांच्या छापील डिरेक्टऱ्यांमध्ये ती नावं सापडणार नाहीत. त्या काळच्या डिरेक्टरीत लोहार, गुत्तेवाला, मोठा शेतकरी, पाद्री एवढेच. राबणारा माणूस त्यात नाही. तो सापडतो गरिबांच्या कागदात.

---

अभिलेख_काका

वहिनींनी तोंडचा शब्द काढून घेतला.

१६६२ च्या कायद्याने प्रत्येक गरिबाचं एक 'हक्काचं गाव' ठरलं. आजारी पडलात, काम गेलं, नवरा मेला, तर पोसायची जबाबदारी त्या गावाची. म्हणून प्रत्येक पॅरिशचा जीव यातच अडकलेला, की हा माणूस आपल्या गळ्यात पडू नये. हक्क मिळायचा जन्माने, बाईला लग्नाने, धंदा शिकायला उमेदवारी केल्याने, वर्षाला दहा पौंड भाड्याची जागा घेतल्याने, किंवा अविवाहित गड्याने एका मालकाकडे पूर्ण वर्ष चाकरी केल्याने. म्हणून काही मालक गड्याला एक्कावन्न आठवड्यांसाठीच ठेवत. वर्ष भरायला नको, हक्क लागायला नको.

संशयित माणसाला दोन मॅजिस्ट्रेटांपुढे बसवून जबानी घेत: कुठे जन्मलो, बाप कोण, कितव्या वर्षी कुणाकडे चाकरीला लागलो, पगार किती, मग कुठे गेलो. ज्या माणसाने आयुष्यात अक्षर लिहिलं नाही त्याचं आत्मचरित्र त्या एका कागदावर असतं, खाली सहीऐवजी फुली. नंतर हकालपट्टीचा हुकूम, आणि दोन पॅरिशचं भांडण वरच्या कोर्टात गेलं तर आणखी कागद. अशा अपिलांसाठी 'क्वार्टर सेशन्स', म्हणजे परगण्याच्या तिमाही कोर्टाचे कागद, बघा. १८३४ नंतर गरिबांचा कारभार गावाच्या हातून काढून अनेक गावांच्या संघाकडे आणि वर्कहाउसकडे (गरिबांना कामाच्या बदल्यात ठेवायचं घर) गेला.

लोक पूर्वजाचं नाव घेऊन शोधतात. माझं मत: लहान पॅरिशमध्ये नाव बाजूला ठेवा आणि गाव वाचा. दहा वर्षांच्या नोंदी सलग. कोण कुणाचा साक्षीदार, कुठलं आडनाव अचानक उगवतं, कुठलं नाहीसं होतं. लॅक्स्टनसोबत त्याच पॅरिशमधली मूरहाउस वाडी, आणि शेजारची एग्मंटन, नीसल, ऑसिंग्टन ही गावंही. माणसं बायको शोधायला तीन-चार मैलांपलीकडे सहसा जात नसत.

---

खडकीकर

ताई, अहवाल. सूच्या चाळल्या. तुमच्या माणसाच्या नावाचे बरेच जण मिळाले, पण लॅक्स्टनशी किंवा नॉटिंगहॅमशरशी जुळणारा एकही नाही. एकाचं दफन पुण्यात आहे, पण तो तुमच्या लग्नाच्या तारखेआधीच गेलेला. भुताने लग्न केलं असेल तर सांगा.

---

ट्रेंटकाठची

खडकीकर, एवढा वेळ घालवलात, लाजल्यासारखं झालं.

मोडीवाचक, तुमच्यासाठी लग्नाच्या नोंदीचा फोटो चिकटवतेय. फक्त ती ओळ नाही, दोन्ही पानं आहेत. तुम्ही म्हणाला होतात तसं.

---

मोडीवाचक

आधी ओळ बघितली नाही, बाकीची दोन पानं वाचली. १७५४ पासूनच्या कायद्याने लग्नाच्या छापील नोंदीत दोघांची पॅरिश लिहावी लागते. या पानांवर बहुतेक नवरदेवांपुढे 'या पॅरिशचा' आहे. एकापुढे शेजारच्या गावाचं नाव आहे. डाव्या पानावर खालून दुसऱ्या नोंदीत वधूच्या नावापुढेही तुमच्यासारखंच 'एस-ओ', पुढे वर चढवलेलं 'आर'.

वधू शिपाई नसणार.

'एस-ओ'च्या नंतर एक लांब शेपटीचं अक्षर आहे, घाईत खाली ओढलेलं. ते 'जे'. एस-ओ-जे आणि वर आर. 'सोजर्नर'. म्हणजे उपरा. या पॅरिशमध्ये तात्पुरता राहणारा, हक्काचं गाव दुसरं असलेला. ते धंद्याच्या नाही, पॅरिशच्या जागी लिहिलंय.

---

खडकीकर

म्हणजे मी चार संध्याकाळी एका उपऱ्याला मुंबई पलटणीत शोधत होतो.

---

अभिलेख_काका

बसलं सगळं. लग्नात उपरा, बाप्तिस्म्यात मजूर. शिपाई कधीच नव्हता. बहुधा शेजारून चाकरीला आलेला गडी. ताई, आता बॅन्सची वही बघा. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये घोषणा होते, आणि दोघं दोन पॅरिशची असतील तर दोन्हीकडे. मूळ गावचं नाव तिथे असू शकतं. नसेल तर गरिबांच्या कागदांत जबानी शोधा. उपरा म्हणून नोंदवलेल्या माणसावर गावाची नजर असतेच.

---

ट्रेंटकाठची

सासऱ्यांना सांगितलं. वाटलं हिरमुसतील, वॉटर्लू गेलं म्हणून. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे तोही बाहेरूनच आलेला." मग माझ्याकडे बघून चहा ओतला.

लेकीने तक्ता नव्याने केलाय. नॉर्थॅम्प्टनशरची मंडळी कात्रीने कापून काढली. उपऱ्याच्या वर एक रिकामा चौकोन ठेवलाय, त्यात पेन्सिलने 'एग्मंटन? नीसल?' असं लिहिलंय. प्रकल्प उद्या द्यायचाय, बॅन्सची वही पुढच्या शनिवारी.

---

राजापूरचा_गंगाधर

नोव्हेंबरात ज्यूरी शिवारात फिरेल तेव्हा जाणार का? फोटो टाका. कोंडवाड्याचाही.

---

ट्रेंटकाठची

जाणार. गमबूट घेतलेत.